मंगळवारचं घर

“सात घरं, आणि सातही घरांत बंदूक,” असं म्हणून हर्षाली मॅडमनी सर्वेक्षणाचे सात फॉर्म टेबलावर एकाखाली एक मांडले. “आणि बाकीच्या तीनशे पाच घरांत एकही नाही. रुमानाताई, हे कसं काय?” खाली जव्हारच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागल्याची घोषणा चालली होती, खिडकीतून डिझेलचा वास येत होता. नववा रोजा होता, त्यामुळे तो वास नाकातून थेट पोटात उतरत होता. मी म्हणाले, सांगते. महिनाभर मी वाटच पाहत होते की हे कोणीतरी विचारावं. बंदुका सात नाहीत मॅडम, एकच आहे, सात घरांनी मिळून ठेवलेली. भात पिकायला लागलं की डुकरं उतरतात, तेव्हा राखणीला लागते. घरं सात आणि वारही सात, म्हणून प्रत्येक घराला एक वार. सकाळी गुरं सोडताना ज्याचा वार संपला तो बंदूक पुढच्या घराच्या दाराला टेकवतो आणि हाक न मारता निघून जातो. आपल्या फॉर्मात याला रकाना नाही, म्हणून मी शेऱ्यात वार लिहिलेत. हर्षाली मॅडम एकेक शेरा वाचू लागल्या आणि हसायला लागल्या. “म्हणजे आपला प्रश्नच चुकला की! तुमच्या घरात बंदूक आहे का? तर आज नाही, परवा आहे. मुंबईच्या सरांना वेड लागेल. घरटी एक सप्तमांश बंदूक!” मीही हसले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान बाई, इथल्याच शेतकऱ्याची मुलगी, पुण्याला शिकून माझी साहेब होऊन आलेली, आणि माझ्या शेऱ्यावर इतकी खूश. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या, खोटं का बोला. मग त्यांनी हसत हसतच ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. पोलिसांचं होतं. त्या सात घरांच्या भागातले फॉर्म पाहायला मिळावेत, असं. संस्थेच्या मुंबईच्या सरांचं म्हणणं, आधी फेरतपासणी करा. फॉर्म खरे निघाले तर प्रत द्यावी लागेल, खुनाची केस आहे. खोटे निघाले तर रद्द करा, रद्द कागद कोणी मागत नाही. “खुनाची?” मी विचारलं. “तो कान्हा नाही का, पोशेऱ्याकडचा, शेताच्या कडेला सापडला होता. डुकरानं मारला म्हणत होते सगळे. आता रिपोर्ट आलाय, अंगात छरे निघाले. दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट.” दिवाळी शनिवारी होती. मी बोटांवर मोजलं नाही, तशी गरजही नव्हती. हर्षाली मॅडमचा तळहात नेमका मंगळवारच्या फॉर्मवर होता.

परवा सकाळी आपण दोघी जाऊ, त्या म्हणाल्या, आणि मी ‘हो मॅडम’ म्हणून जिना उतरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. फॉर्मात वार कोणी विचारला होता? कोणीच नाही. ‘हो’ वर टिक करून पुढे गेले असते तर सात ‘हो’ झाले असते, मुंबईत कोणीतरी त्यांची बेरीज केली असती आणि विषय मिटला असता. पण मला नेटकेपणाची हौस. सोमवार काळ्या, मंगळवार सुकऱ्या, बुधवार चंद्रा, असं सुरेख अक्षरात लिहिताना मला वाटलं होतं की या अख्ख्या सर्वेक्षणात एवढी एकच गोष्ट खरी मिळाली आहे आणि ती मी मिळवली आहे. फॉर्मवर नाव नसतं, नुसता घर क्रमांक असतो, असं आम्ही सगळीकडे सांगतो. सात घरांच्या पाड्यात घर क्रमांक दोन म्हणजे कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. पाड्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही. एकदा लिहून पाहिलं, तेवढं पुरे झालं.

ही हौस अब्बांची. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं दुकान होतं, छत्र्या, स्टोव्ह, कुलपं, कंदील दुरुस्त करायचं. मंसूरभाईनं बसवलेली स्प्रिंग तुमच्या मागं राहील, असं लोक म्हणत. भाद्रपद लागला की दुकानाच्या पायरीवर डोंगरातली माणसं येऊन बसत. गिऱ्हाईक पांगलं की कनवटीतून फडकं निघे आणि फडक्यातून लोखंडाचा एक तुकडा. कधी घोडा, कधी चाप, कधी नुसता खिळा. अख्खी बंदूक कधीच आली नाही आणि बंदूक हा शब्द मी त्या दुकानात कधी ऐकला नाही. “याचा काय तरी करा, मंसूरभाई.” अब्बा तुकडा उजेडाला धरून विचारत, “अडकतं की आपोआप सुटतं?” बस, एवढंच. माणसाचं नाव नाही, गाव नाही. मी पायरीवर गणितं सोडवत बसलेली असायची आणि मनातल्या मनात फडकी मोजायची. एका भाद्रपदात एकेचाळीस झाली होती. मी एकदा विचारलं, अब्बा, तुम्ही त्यांना विचारत का नाही? ते म्हणाले, “विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि खोटं बोलायला लावलं म्हणून आपल्यावर चिडतो. दोन्ही कशाला?” अब्बा जाऊन चार वर्षं झाली आणि मी रोजंदारीवर प्रश्न विचारत फिरू लागले. डी.एड. झालेलं, नोकरीचा आदेश निघेल निघेल म्हणता वय उलटलेलं, अम्मीचं दमाचं औषध, आणि संस्थेनं दिलेला शब्द की काम चांगलं केलंत तर पुढच्या वर्षी कायम. सर्वेक्षण होतं घरांतल्या इजांचं आणि हत्यारांचं. भाजणं, पडणं, साप चावणं, आणि एकतिसावा प्रश्न: या घरात बंदूक आहे का? मोखाड्यात तीन आठवडे मी हा प्रश्न विचारला. जामसरकडेही विचारला. सगळीकडे ‘नाय’. काही जण हसून, काही तोंड फिरवून, एक म्हातारा तर मी प्रश्न पुरा करायच्या आधीच. आणि ते ‘नाही’ लिहिताना मला त्यांच्यातल्या कितीतरी जणांची फडकी आठवत होती. निळं चौकड्याचं, हळदीचे डाग पडलेलं, जुन्या धोतराचं. पण प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं, जे सांगतील ते लिहा, तुमच्या मनातलं लिहू नका. म्हणून मी लिहिलं. तीनशे पाच वेळा.

आणि मी तरी कोण लागून गेले? त्याच प्रशिक्षणात आम्हाला जोड्या पाडून सराव करायला लावला होता. हर्षाली मॅडमनी माझीच मुलाखत घेतली होती, सगळ्यांसमोर, कशी घ्यायची ते दाखवायला. छान हसतमुखानं त्यांनी एकतिसावा प्रश्न वाचला आणि मी म्हणाले, “नाही.” पापणीसुद्धा लवली नाही. अब्बांची पत्र्याची पेटी अम्मीच्या खाटेखाली आहे, तिच्यात एक नळी आहे, तीन घोडे आहेत आणि न्यायला कोणी न आलेली दोन फडकी आहेत. हे मला त्या क्षणी आठवलंही नाही, इतकं ते ‘नाही’ आपोआप सुटलं. घरी जिना चढताना आठवलं. माझ्यासारखी, जिला पगार मिळतो खरं उत्तर काढण्याचा, ती असं उत्तर देते, तर डोंगरातल्या माणसानं अनोळखी बाईला काय सांगावं? ही गोष्ट मी कोणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या पाड्यावर मी गेले तो दिवस दसऱ्यानंतरचा दुसरा, मंगळवार. ऊन असं की डोक्यावरची ओढणी तापली होती. एका अंगणात कोंडीमावशी नागली पाखडत होती. मी बसले, फॉर्म काढला, वरचं वाक्य वाचलं, तुम्ही दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल. तिनं ते ऐकलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. “कोनाची गं तू?” मी सांगितलं, जव्हारच्या मंसूरभाईंची. तिनं सूप खाली ठेवलं. “मंसूरभाईची पोर? अगं आई, मंग तशी सांग ना! आन अशी उन्हात काय बसलीस?” मला आत नेलं, भाकरी दिली, वर मिरचीचा ठेचा आणि तुझा बाप किती गुणाचा होता याची कहाणी. तिचा नवरा सुकऱ्या खाटेवर बसला होता. त्यानं माझ्यासाठी कोरा चहा ओतला आणि अर्धा कपात पडला, अर्धा जमिनीवर. कोंडीनं न बोलता फडक्यानं पुसलं. मी प्रश्न विचारत गेले आणि एकतिसाव्याला आले. खरं म्हणजे मी ‘नाही’ वर पेन टेकवलंच होतं. कोंडी म्हणाली, “हाय की. तुझ्या बापानंच तर तिचा घोडा बसवला. मंगळवार आमचा, म्हणून आज हितंच हाय, ती बघ.” आढ्याखाली, घोंगडीमागं ती उभी होती. काळी, लांब, दस्ता तारेनं बांधलेला. सुकऱ्या डोळ्यांवर हात धरून त्या दिशेला बघत म्हणाला, “मना आता सावज दिसं नाय, पोरी. हालचाल तेवढी दिसते. हाललं का मारायचा.” आणि हसला. मीही हसले. कोंडीनं सांगितल्यावर बाकीच्या सहा घरांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. काळ्यानं तर मला बंदूक कुणाकडून कुणाकडे जाते ते दारं दाखवत दाखवत समजावलं. त्यांनी सांगितलं मंसूरच्या पोरीला, आणि लिहून घेतलं संस्थेच्या बाईनं. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही असं म्हणणं सोपं आहे. आलं होतं. पण आपल्या बापाच्या पुण्याईवर आपल्याला खरं उत्तर मिळालं याचा आनंद इतका होता की मी ते ध्यान बाजूला सारलं. आणि सुकऱ्याच्या डोळ्यांचं मात्र मी कुठेच लिहिलं नाही, त्याला रकाना नव्हता.

त्यानंतर बरोबर दोन मंगळवारांनी, तिन्हीसांजेला, कान्हा भाताच्या बांधावरून आपल्या पाड्याकडे निघाला असेल. कणसं छातीइतकी झालेली, माणूस दिसत नाही, फक्त वर शेंडे हलतात. हे मी पाहिलेलं नाही. पण त्या दोन दिवसांत मी ते इतक्या वेळा पाहिलं की विचारू नका. शेंडे हलतात, खाटेवरून उठलेला एक म्हातारा डोळ्यांवर हात धरतो. पहाटे सहरीला उठले की तेच, इफ्तारीला खजूर तोंडात टाकला की तेच. अम्मीनं दुसऱ्या दिवशी हटकलंच. “क्या हुआ है तुझे? भिंतीकडे बघून काय बसतेस?” मी सांगितलं. सगळं, शेऱ्यासकट. अम्मी खाटेवर बसून मेथी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, “बदलून टाक. शेरे नकोत, नुसत्या सात टिका. किती वेळ लागतो?” मी म्हटलं, अम्मी, एक प्रत मुंबईला गेली. बदललं तर दोन्हींत फरक दिसेल. “मग सांग, मला वार आठवत नाही.” मी म्हटलं, लिहिलेलं आहे. अम्मी चिडली. “इतकं कोण लिहितं गं? तुझ्या बापानं जन्मभर एक नाव लिहिलं नाही!” थोडा वेळ दम खाऊन ती अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, “आणि तो मेला, त्याची बायको आहे का?” आहे. माघी. मी तिला पाहिलं होतं, दिवाळीच्या आधल्या बुधवारी, इथल्या सरकारी दवाखान्याच्या आवारात. आतून देह मिळायची वाट बघत ती चिंचेखाली बसली होती, पायांत चपला नव्हत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, “दादा, झाला का?” तेव्हा मला वाटलं होतं, डुकराचा बळी. मी तिला पाणी दिलं होतं आणि पुढे गेले होते. अम्मीनं सगळं ऐकलं. मेथीच्या काड्या पदरात गोळा केल्या आणि बदलून टाक असं ती पुन्हा म्हणाली नाही.

मी म्हणजे अगदी पाप-पुण्याची पोथी आहे अशातला भाग नाही. मला सुकऱ्याची कीव येत होती, माघीची येत होती, आणि तितकीच माझी स्वतःची. कायम झाले तर अम्मीला नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे नेता येईल, हे माझ्या डोक्यातून एक क्षण गेलं नव्हतं. फॉर्म खरे निघाले तर माझ्यासारखी कामसू बाई नाही. खोटे निघाले तर माझ्यासारखी लबाड नाही. आणि खरे निघाले तर एक आंधळा म्हातारा तुरुंगात मरणार, नाही निघाले तर कान्हाला कोणी मारलं ते माघीला कधी कळणार नाही. कितीही उलटसुलट केलं तरी कोणीतरी उरतच होतं. परवाचा दिवस उजाडला तेव्हा माझं काहीही ठरलेलं नव्हतं.

जीपमध्ये आम्ही ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे पंधरा माणसं, टपावर चार. हर्षाली मॅडम वाटभर बोलत होत्या. या पाड्याचं उदाहरण त्या अहवालात स्वतंत्र चौकटीत टाकणार होत्या. “लोक म्हणतात, असल्या प्रश्नाला कोणी खरं सांगत नाही, आकडे फुकट असतात. पण बघा, विचारणारा माणूस बरोबर असला तर सांगतात की नाही? पोलिसांना द्यायचं माझ्याही जिवावर आलंय, रुमानाताई. आपण शब्द दिलाय. पण सर ऐकत नाहीत.” मी म्हणाले, हं. मला वाटत होतं, आता सांगावं. मॅडम, नका जाऊ. त्या वाईट बाई नव्हत्या. कदाचित त्यांनी ऐकलंही असतं, आणि मग ते ओझं त्यांचं झालं असतं. पण मी ओढणी सारखी केली आणि समोरचा रस्ता बघत राहिले. पोशेऱ्याच्या फाट्यावर उतरून आम्ही चालायला लागलो. तासभर पायवाट, दोन्ही बाजूंना कापलेलं भात, खुंट पायाला टोचत होते.

पाड्यावर कोणी नव्हतं. सातही दारांच्या कड्यांना दोऱ्या बांधलेल्या, एका अंगणात कोंबड्या. ओहोळाच्या पलीकडून विळ्यांचा आवाज येत होता. आम्ही ओहोळ ओलांडला. पलीकडे एका लांबट शेतात सातही घरं कापणीला लागली होती, बाया, बाप्ये मिळून अठरा जण, एका रांगेत. कापत नव्हता तो फक्त सुकऱ्या. तो बांधावर बसून पेंढ्यांना बंद वळत होता, हातानं चाचपून. हर्षाली मॅडमनी काळ्याला विचारलं, हे शेत कोणाचं? “माघीचा,” तो म्हणाला आणि पुन्हा वाकला. माघी रांगेच्या शेवटाला होती. पाठमोरी. मी बांधावर बसले. सुकऱ्यापासून दोन हातांवर. त्यानं माझ्या दिशेला मान वळवली, हालचाल दिसली असेल.

“मावशी,” हर्षाली मॅडम कोंडीला म्हणाल्या, गोड आवाजात, “या ताई तुमच्याकडे आल्या होत्या ना, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी? प्रश्न विचारायला?” कोंडीनं कंबर सरळ केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पूर्ण, नजर न चुकवता. “नाय,” ती म्हणाली.

“नीट बघा, मावशी. यांना ओळखता ना?”

“कुठशी ओळखंन? पयल्यांदा बघतंय.”

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे कान तापले. तिच्या हातची भाकरी मी खाल्ली होती. माझ्या बापासाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं होतं. हर्षाली मॅडम गोंधळल्या, माझ्याकडे वळल्या, पुन्हा कोंडीकडे. मग त्यांनी काळ्याला विचारलं. “नाय बा. कोन बाई आली नाय.” चंद्राला विचारलं. पोशीला विचारलं. नाय. बंदूक? “कसली बंदूक? आमी गोफणीन राखतो.” विळा खाली न ठेवता, एकेकानं, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं. मला मागाहून कळलं की मी जिची चिंता करत दोन दिवस भिंत बघत बसले होते ती गोष्ट या लोकांनी कान्हाला उचललं त्याच दिवशी ठरवली होती. एका मंगळवारी एक बाई कागद घेऊन आली होती, आणि तिनं वार लिहून घेतले होते. हे त्यांनी माझ्या किती तरी आधी ओळखलं होतं. मी स्वतःला शहाणी समजत होते.

हर्षाली मॅडम रांगेच्या शेवटी गेल्या. त्यांना माहीत नव्हतं त्या कोणासमोर उभ्या आहेत, म्हणजे नाव काळ्याकडून कळलं होतं, पण ती कान्हाची बायको हे नाही, चिंचेखालची ती त्यांनी पाहिली नव्हती. “तुम्ही या पाड्यातल्या नाही ना? मग तुम्ही सांगा. इथं कोणाकडे बंदूक आहे?” मी उठून उभी राहिले. आता ती बोलेल, आणि बरं होईल, असं मला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. तिला बोलायचा हक्क होता, माझं ओझं तिनं एका शब्दात उतरवलं असतं. माघीनं कापलेली मूठ खाली ठेवली. रांगेतले विळे थांबले होते. ओहोळाचं पाणी ऐकू येत होतं आणि सुकऱ्याच्या हातातला बंद तुटल्याचा बारीक आवाज आला. “या पाड्यात बंदूक नाय,” माघी म्हणाली. “कधी नव्हती. आन ती बाई पन कधी आली नाय.” तिनं मला ओळखलं होतं की नाही, दवाखान्यातलं पाणी तिला आठवत होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. सुकऱ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तिनं त्याला माफ केलं होतं का? की घरात धनी नाही, उभं पीक आडवं होईल, आणि ते कापणारे अठरा विळे आपल्या पाठीशी उभे आहेत हे तिला ठाऊक होतं? मी शेकडो उत्तरं लिहून घेतली आहेत. उत्तर देताना माणसाच्या शेजारी कोण उभं होतं, हे आमच्या फॉर्मात कुठेच विचारलेलं नसतं. तिचं ते ‘नाय’ तिचं होतं की त्यांचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळायचा मार्ग नाही.

हर्षाली मॅडम शेतातून परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. उन्हानं नव्हे. त्यांनी पिशवीतून सात फॉर्म काढले. “तुम्ही इथे आला होतात का?” ताई हा शब्द गळाला होता. अठरा माणसं विळे घेऊन उभी होती आणि आता त्यातली एकही माझ्याकडे बघत नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. मॅडम, पाड्यात चला, आज शुक्रवार आहे, म्हणजे पाचवं दार, मी दाखवते. एवढं बोलले असते की मी खरी ठरत होते. माझं अक्षर खरं, माझे शेरे खरे, माझी नोकरी खरी. रोज्यात खोटं बोलणाऱ्याचा रोजा म्हणजे नुसता उपास, असं अम्मी लहानपणापासून सांगत आली, आणि माझ्या आत कोणीतरी अगदी शांतपणे हिशेब केला की ठीक आहे, आजचा नुसता उपास.

“नाही,” मी म्हणाले.

“मग हे?”

“घरी बसून भरले. पाडा लांब होता. ऊन फार होतं.”

“आणि वार? बंदुकीची पाळी? हे सगळं तुम्ही मनानं…?” त्यांचा आवाज फुटला. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं, पण त्यांना रडू येत होतं. मी मान डोलावली. त्यांनी फाईलवर कोरा कागद लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, लिहा. मी बांधावर बसून लिहिलं. सदर पाड्यावर मी गेले नाही. घर क्रमांक एक ते सात यांची माहिती मी कल्पनेनं भरली आहे. तारीख घातली, सही केली. अक्षर नेहमीसारखं नीट आलं. हर्षाली मॅडमनी तो कागद वाचला, सातही फॉर्मांवर तिरकी रेघ मारली आणि सगळे कागद पिशवीत घातले. मागे विळे पुन्हा चालू झाले होते.

“बाकीचे तीनशे पाच?” त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता. “ते तरी खरे आहेत का? सगळीकडे ‘नाही’ लिहिलंयत ते?”

“ते खरे आहेत, मॅडम,” मी म्हणाले. “त्यांच्यातल्या एकाही घरात बंदूक नाही.”

यावर मात्र त्यांचा लगेच विश्वास बसला.